ह्यूस्टनचा 'मॉन्स्टर' आणि परत न आलेले फोटो

मॅक मॅकॉर्मिक ना प्राध्यापक होता, ना कुठल्या संस्थेचा कायम नोकरीतला संशोधक. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली. टॅक्सी चालवली, मिळतील ती कामं केली, आणि हाताशी उरलेला वेळ, पैसा नि पेट्रोल एकाच नादापायी घालवलं: टेक्ससमधल्या काळ्या गायक-वादकांचा ब्लूज. 1930 साली पिट्सबर्गला जन्मलेला हा गोरा माणूस ह्यूस्टनला स्थायिक झाला आणि 2015 च्या नोव्हेंबरात तिथेच वारला. मागे राहिली टेपांची 590 रिळं, हस्तलिखितं, मुलाखती आणि टिपणं यांनी भरलेली 165 खोकी, हजारो फोटो आणि निगेटिव्ह. शिवाय कार्यक्रमांची पत्रकं, कलाकारांचे करारनामे, नकाशे. या ढिगाऱ्याला तो स्वतःच 'मॉन्स्टर' म्हणायचा. गमतीने ठेवलेलं नाव, पण पुढे ते अक्षरशः खरं ठरलं, आधी त्याच्यापुरतं आणि मग इतरांच्या बाबतीतही.

आपल्याकडे ब्लूज म्हटलं की बहुतेकांना विजेच्या गिटारीचा, शिकागो थाटाचा ब्लूज आठवतो. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय यांना ज्यांनी ऐकलं, त्यांच्या कानात तोच आवाज असणार. मॅकॉर्मिकचा ब्लूज त्याच्या मागच्या पिढीचा. कापसाच्या शेतात राबून आलेल्या माणसाने रात्री एकट्याने गिटार घेऊन म्हटलेला, किंवा लाकूड कापणाऱ्या मजुरांच्या तळावर दारूच्या गुत्त्यात पियानोवर बडवलेला. हे कलाकार तेव्हा हयात होते, ह्यूस्टनमध्येच राहत होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. विद्यापीठं नाही, रेकॉर्ड कंपन्या नाहीत, शहरातली वर्तमानपत्रंही नाहीत.

दारोदार

सोळाव्या वर्षी, 1946 साली, न्यू ऑर्लिन्सच्या एका रेकॉर्डच्या दुकानात त्याची ऑरिन ब्लॅकस्टोनशी गाठ पडली. ब्लॅकस्टोन तेव्हा जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची मोठी सूची तयार करत होता. या पोराला त्याने टेक्ससची जबाबदारी दिली. कुठली रेकॉर्ड कुणाची, कधीची, मागे वाजवतंय कोण, हे कागदावर आणायचं काम. त्याची सवय इथे लागली असावी, कारण पुढे आयुष्यभर तो तेच करत राहिला. फक्त रेकॉर्डच्या लेबलावर न थांबता लेबलावरच्या माणसाच्या दारापर्यंत जायला लागला.

1960 साली अमेरिकेची जनगणना होती. मॅकॉर्मिकने प्रगणकाची नोकरी धरली आणि ह्यूस्टनच्या फोर्थ वॉर्डात काम केलं. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ही वस्ती. दार वाजवायचं, घरात माणसं किती, वयं काय, धंदा काय हे सरकारी कागदावर लिहायचं, आणि निघता निघता विचारायचं, इथे आसपास कुणी पियानो वाजवायचं का? उत्तरं मिळत गेली. सांता फे रेल्वेच्या मार्गाने गावोगाव आणि तळोतळ फिरून वाजवणाऱ्या पियानोवाल्यांची एक अख्खी फळी त्याने अशी उजेडात आणली. त्यांच्यापैकी रॉबर्ट शॉ यांनी वाजवणं बाजूला ठेवून ऑस्टिनमध्ये किराणा दुकान थाटलं होतं. 1963 मध्ये मॅकॉर्मिकने त्यांना पुन्हा पियानोसमोर बसवून संपूर्ण एलपी ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना पटतं की दुकानाच्या गल्ल्यामागे बसून वर्षं काढली तरी बोटं काही विसरलेली नव्हती.

त्याच 1960 च्या उन्हाळ्यात नॅव्हासोटा गावची गोष्ट घडली. कॅलिफोर्नियाहून आलेला क्रिस स्ट्राकविट्झ आणि मॅकॉर्मिक, दोघं गाडीने निघाले. इथे चांगली गिटार कोण वाजवतं असं ज्याला-त्याला विचारत गेले. नाव आलं मॅन्स लिप्सकम यांचं. वय पासष्ट, सगळी हयात दुसऱ्याच्या जमिनीत बटईने शेती करण्यात गेलेली, आणि त्या दिवशी हमरस्त्याकडेचं गवत कापायच्या कामावर. संध्याकाळी ते घरी आले तर दारात दोन अनोळखी गोरे. टेक्ससच्या त्या भागात, त्या काळात, काळ्या माणसाच्या दारात गोरे उभे असणं ही काही आनंदाची बाब नव्हती. तरीही त्यांनी दोघांना आत घेतलं, गिटार काढली, आणि त्याच घरात, त्याच रात्री ध्वनिमुद्रण झालं. स्ट्राकविट्झच्या आरहूली या रेकॉर्ड कंपनीची पहिली एलपी ती हीच. कंपनीचं नावही मॅकॉर्मिकनेच सुचवलेलं.

लायटनिंग हॉपकिन्स यांचं प्रकरण वेगळ्या धाटणीचं. ते ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डात, डाऊलिंग स्ट्रीटच्या परिसरात नाव कमावलेले होते. त्यांना 'शोधण्याची' गरज गोऱ्या श्रोत्यांना होती, डाऊलिंग स्ट्रीटला नव्हती. मॅकॉर्मिकने 1959 साली त्यांना ध्वनिमुद्रित केलं, ॲली थिएटरच्या मंचावर गोऱ्या प्रेक्षकांसमोर आणलं, काही काळ त्यांचं व्यवस्थापनही पाहिलं. 1960 च्या ऑक्टोबरात हॉपकिन्स न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. पुढे दोघांचं फाटलं. हॉपकिन्स यांची एक पद्धत प्रसिद्ध आहे: रॉयल्टीच्या गप्पा नकोत, दर गाण्याचे रोख पैसे आधी हातावर ठेवा. पुष्कळ रसिकांनी याला अडाणीपणा म्हटलं. मला तो व्यवहारज्ञानाचा नमुना वाटतो. कागदावर सही करून पुढे काय हाती लागतं, हे त्या माणसाने आयुष्यभर पाहिलेलं होतं. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन, ज्याची गोष्ट पुढे येते, त्याच्या बहिणींना ते कळायला अजून बारा वर्षं लागायची होती.

एल. व्ही. थॉमस यांची मुलाखत

1961 साली ह्यूस्टनच्याच एका भागात मॅकॉर्मिक एल. व्ही. थॉमस नावाच्या एका वृद्ध बाईंना भेटला. 1930 साली विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी, पॅरामाउंट कंपनीसाठी, दोन काळ्या गिटारवादक बायकांनी काही गाणी मुद्रित केली होती. लेबलांवर नावं होती गीची वायली आणि एल्व्ही थॉमस. त्या रेकॉर्डच्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती आज उरल्यात. संग्राहकांच्या जगात त्या दोघी कोण, कुठल्या, जिवंत की मेलेल्या, हे पन्नास वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. एल्व्ही म्हणजे एल. व्ही. थॉमस. ह्यूस्टनच्या. मॅकॉर्मिक त्यांच्यासमोर बसून बोलला, टिपणं घेतली आणि खोक्यात ठेवून दिली. बाई 1979 मध्ये वारल्या. टिपणं खोक्यातच.

2014 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात जॉन जेरेमाया सलिव्हन यांचा दीर्घ लेख आला तेव्हा जगाला हे कळलं. आणि तेही कसं, तर मॅकॉर्मिकच्या घरी मदतनीस म्हणून असलेल्या एका तरुण मुलीने त्या टिपणांच्या पानांचे फोटो काढून घेतले होते, त्याच्या परवानगीशिवाय. मॅकॉर्मिकच्या घरच्यांना ही सरळ चोरी वाटली. वाचकांत दोन तट पडले. एक म्हणे, पन्नास वर्षं दाबून ठेवलेली माहिती बाहेर आली हे उत्तम. दुसरा म्हणे, म्हाताऱ्या आजारी माणसाच्या घरात शिरून हे असलं करायचं? मला दोन्ही तटांचं पटतं आणि तरी एक गोष्ट खटकते. या सगळ्या भांडणात थॉमस बाईंचा विचार कुणी फारसा केला नाही. त्यांनी ते शब्द मॅकॉर्मिकच्या खोक्यासाठी सांगितले होते, की लोकांनी वाचावे म्हणून? 1961 सालीच हा प्रश्न कुणी त्यांना विचारायला हवा होता.

चर्चटनचे फोटो

आता मुख्य गुंता. रॉबर्ट जॉन्सन 1911 साली मिसिसिपीत जन्मला, 1938 साली सत्तावीस वर्षांचा असताना तिथेच मेला. त्याने मुद्रित केलेली 29 गाणी मात्र टेक्ससमध्ये झाली, 1936 साली सॅन अँटोनिओत आणि 1937 साली डॅलसमध्ये. 1961 मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची एलपी काढली तेव्हा मुखपृष्ठावर चित्र छापावं लागलं. फोटो कुणाकडे नव्हताच. इंग्लंड-अमेरिकेतल्या गिटारवाल्या पोरांनी ती एलपी घासून घासून ऐकली, त्यातून रॉक संगीताची एक पिढी उभी राहिली, आणि या आवाजाला चेहरा नाही याचं कुतूहल वाढतच गेलं.

मॅकॉर्मिक त्याच्या मागावर निघाला. नकाशा पसरून, मिसिसिपीतली गावं घेऊन, पुन्हा तेच दारोदार फिरणं. 1972 साली तो मेरीलँडमधल्या चर्चटन गावात जॉन्सनची सावत्र बहीण कॅरी थॉम्पसन यांच्या घरी पोहोचला. दुसऱ्या बहिणीलाही भेटला. आपल्या रॉबर्टवर कुणी पुस्तक लिहितंय याचं त्यांना अप्रूप वाटलं असणार. त्यांनी आठवणी सांगितल्या, घरातले फोटो काढून दाखवले. मॅकॉर्मिकने काही फोटो सोबत नेले. पुस्तकासाठी, उसने.

ते परत आले नाहीत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण संग्रह करणारी मंडळी हे नेहमी 'राहून गेलं', 'टपालात अडकलं' या सदरात टाकतात. 1972 सालीही घरच्या घरी फोटोचा फोटो काढणं मुळीच कठीण नव्हतं. मॅकॉर्मिक कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस होता, त्याच्या संग्रहातली हजारो निगेटिव्ह त्याची साक्ष आहेत. खिडकीपाशी टेबल ओढायचं, फोटो सपाट ठेवायचा, चारी कडांवर काहीतरी वजन ठेवून वरून दोन-तीन शॉट घ्यायचे, की मूळ फोटो घरचा घरी. दहा मिनिटांचं काम. मूळ फोटो हवाच असेल तर त्याचं कारण वेगळं असतं: तो ज्याच्याकडे, त्याच्याकडे गोष्ट. आपल्याकडेही जुन्या नटांच्या, तमाशातल्या कलावंतांच्या घरी विचारून पाहा. 'एक लेख लिहितोय, पुढच्या आठवड्यात आणून देतो' म्हणून गेलेला अल्बम किती घरांतून गेलाय ते कळेल.

पुढच्याच वर्षी स्टीव्ह लाव्हेअर नावाचा दुसरा संग्राहक कॅरी थॉम्पसन यांच्याकडे आला. तोवर घरात आणखी दोन फोटो सापडले होते. एक फोटोबूथमधला, तोंडात सिगारेट आणि गिटारीच्या दांड्यावर लांबसडक बोटं. दुसरा मेम्फिसच्या हुक्स ब्रदर्स स्टुडिओतला, रेघांचा सूट, हॅट, पायावर पाय. 1974 मध्ये लाव्हेअरने करार करून गाण्यांचे आणि फोटोंचे हक्क स्वतःकडे घेतले, उत्पन्नात निम्मा वाटा बाईंचा. कोलंबियाला आता जॉन्सनच्या सगळ्या गाण्यांचा संच काढायचा होता. मॅकॉर्मिकने कंपनीला कळवलं की या कुटुंबाशी आपला आधीच करार झालाय. कंपनी बिचकली, आणि सत्तरच्या दशकात यायचा तो संच 1990 साली आला. दहा लाखांवर खपला, ग्रॅमी मिळालं. कॅरी थॉम्पसन 1983 मध्येच वारल्या होत्या. भावाच्या गाण्यांतून आलेला पैसा बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं, आणि उसने गेलेले फोटोही त्यांना मिळाले नाहीत.

मग कोर्टकचेऱ्या. 1998 मध्ये मिसिसिपीच्या न्यायालयाने क्लॉड जॉन्सन या खडीचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला रॉबर्टचा मुलगा आणि वारस ठरवलं, 2000 मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. बहिणीकडच्या लोकांनी निदान फोटो तरी आमचे म्हणून दावा लावला. तो 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर निकालात काढला. म्हणजे ज्या घराच्या कपाटातून ते फोटो निघाले, त्या घराला कायद्याने काही मिळालं नाही. 1994 साली अमेरिकी टपाल खात्याने बूथमधल्या फोटोवरून 29 सेंटचं तिकीट काढलं होतं, सिगारेट पुसून. एव्हाना त्या चेहऱ्याची कमाई सगळे खात होते.

न लिहिलेली पुस्तकं

मॅकॉर्मिकने जॉन्सनवरच्या पुस्तकाचं नावसुद्धा जाहीर केलं होतं, 'बायोग्राफी ऑफ अ फँटम'. पीटर गुराल्निकसारख्या लेखकाने त्याच्याकडून ऐकलेल्या माहितीवर स्वतःचं छोटं पुस्तक लिहिलं आणि वाचकांना सांगितलं की खरं पुस्तक मॅक लिहितोय, थांबा. लोक थांबले. इंग्रज अभ्यासक पॉल ऑलिव्हर यांच्यासोबत टेक्ससच्या ब्लूजवरचा ग्रंथही साठच्या दशकात सुरू झाला होता. दोघांचं बिनसलं आणि तो अर्धवट हस्तलिखितांच्या रूपात 2019 मध्ये, दोघांच्याही पश्चात, छापला गेला.

मॅकॉर्मिकला बायपोलर आजार होता. तो हे लपवत नसे, मुलाखतींतही बोलला आहे. उमेदीच्या लाटेत शेकडो मैल गाडी हाकायची, रात्र रात्र टिपणं काढायची, आणि लाट ओसरली की महिनोन् महिने कागदाला हात लावायचा नाही. 'मॉन्स्टर' जितका मोठा, तितका त्यातून एक प्रकरण लिहून काढणं अवघड. उतारवयात तर तो आपल्याच शोधावर शंका घ्यायचा: मी ज्याला शोधलं तो रॉबर्ट जॉन्सन आणि रेकॉर्डवरचा रॉबर्ट जॉन्सन एकच कशावरून? हे वाचून त्याच्याबद्दल कणव वाटते, आणि वाटायलाच हवी. पण आजार फोटो परत न करण्याचं कारण होऊ शकतो, कंपनीला पत्र लिहून दुसऱ्याची वाट अडवण्याचं नाही. तिथे डोकं नीट चालत होतं.

खोकी उघडल्यावर

त्याच्या मृत्यूनंतर मुलीने सगळा संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाला दिला. साठच्या दशकाअखेर याच संस्थेच्या लोककला महोत्सवासाठी मॅकॉर्मिकने काम केलं होतं, त्यामुळे जागा परकी नव्हती. संस्थेने 2023 मध्ये तीन गोष्टी केल्या. फोकवेज या आपल्या ध्वनिमुद्रण शाखेमार्फत 1958 ते 1971 मधल्या टेपांतून निवडलेल्या 66 मुद्रणांचा संच काढला. जूनमध्ये एक प्रदर्शन मांडलं, ज्याच्या नावातच 'खजिना आणि कटकट' असा अर्थ होता. आणि जॉन ट्राउटमन यांच्या संपादनाखाली 'बायोग्राफी ऑफ अ फँटम' अखेर प्रकाशित झालं.

संच ऐकावा असा आहे. नामवंतांच्या जोडीला जी नावं कुणीच ऐकलेली नाहीत, ती त्यात आहेत. पुस्तकाच्या बाबतीत मात्र ट्राउटमन यांनी असा निर्णय घेतला की संग्राहक मंडळींना तो आजही झोंबतो. हस्तलिखिताचे अनेक खर्डे होते. त्यांनी सुरुवातीच्या काळातला खर्डा घेतला आणि बहिणींकडून मिळालेला मजकूर छापला नाही, कारण तो ज्या रीतीने मिळवला गेला आणि त्यानंतर त्या बायकांशी जसं वागलं गेलं, ते पाहता तो छापणं संस्थेला मंजूर नव्हतं. मॅकॉर्मिकचं वागणं प्रस्तावनेत आणि शेवटच्या टिपणात उघड मांडलं. म्हणजे पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या पुस्तकातून, ज्यासाठी वाट पाहिली तोच भाग गायब.

मला हा निर्णय योग्य वाटतो, पण पूर्ण समाधान होत नाही. मजकूर गाळल्याने कॅरी थॉम्पसन यांचा आवाजही गळला. त्यांनी भावाबद्दल जे सांगितलं ते खोटं नव्हतं, फक्त चुकीच्या माणसाच्या हाती पडलं होतं. ते वारसांच्या हवाली करून, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावावर छापणं हा तिसरा मार्ग होता. तो लांबचा आहे, त्याला वकील लागतात, आणि त्यातून पुस्तकाची तारीख जुळत नाही. संस्था आडमार्गाने का होईना निदान थांबली, एवढं श्रेय द्यायला हवं. खाजगी संग्राहक सहसा तेवढंही थांबत नाहीत.

ज्याला रॉबर्टच्या घरच्यांकडून काही ऐकायचंय त्याने 2020 चं 'ब्रदर रॉबर्ट' वाचावं. नव्वदी ओलांडलेल्या सावत्र बहीण ॲनी अँडरसन यांनी ते प्रेस्टन लॉटरबाख यांच्या साथीने लिहिलं आहे. त्यात रॉबर्ट दंतकथेतला, सैतानाला आत्मा विकणारा कुणी गूढ पुरुष नाही. तो मेम्फिसच्या घरी येऊन जाऊन असणारा, बहिणींचा लाडका, सिनेमातली गाणीही वाजवणारा भाऊ आहे. मुखपृष्ठावर त्याचा तिसरा फोटो आहे, हसरा, बील स्ट्रीटवर काढलेला, आणि तो काढला तेव्हा आपण सोबत होतो असं अँडरसन सांगतात. तो फोटो तोवर कधीच छापला गेला नव्हता. मॅकॉर्मिक आणि लाव्हेअर, दोघंही कॅरी थॉम्पसन यांच्याकडे येऊन गेले त्या सगळ्या वर्षांत तो अँडरसन यांच्याच घरी होता.